जुन्या गाडीची काच रबरात तरंगते

पुढच्या काचेतून पाणी गळायला लागलं की आपण आधी सिलिकॉनची ट्यूब आणतो, कडेने फासतो आणि पुढच्या पावसात पाणी परत आत. मीपण हेच केलं होतं. दोन दिवसांनी कार्पेट उचललं तर खालचा पत्रा ओला, आणि पाणी नेमकं कुठून येतंय हे तर आता अजिबातच कळेना, कारण काचेची सगळी कड सिलिकॉनखाली गेलेली. शेवटी काच उतरवली तेव्हा दिसलं की रबर लाकडासारखं कडक झालंय आणि त्याच्या आड पत्र्याला गंजाचे फुगवटे आलेत.

आजच्या गाड्यांची पुढची काच युरेथेनने बॉडीला चिकटवलेली असते. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा तसं काही नसतंच, तिथे असते जाड रबरी बीडिंग, तिला दोन खाचा, एकीत काच बसते आणि दुसरीत पत्र्याची कड. बऱ्याच गाड्यांत वरून अजून एक पट्टी घालतात, ती पाचरीसारखी आत शिरते आणि रबर काच आणि पत्रा दोघांनाही घट्ट दाबून धरतं. पाणी अडतं ते या दाबामुळे, गोंदाचा इथे संबंध नाही.

असं का केलं असेल? तापमान वाढलं की लोखंडी पत्रा काचेपेक्षा जास्त पसरतो. सव्वा मीटर रुंदीची काच धरली आणि 50 अंशांचा फरक पडला तर पत्रा सुमारे 0.75 मिमी वाढतो आणि काच साधारण 0.55 मिमी, शिवाय खड्ड्यातून जाताना बॉडी पिळवटते ते वेगळंच. ही सगळी हालचाल रबर पोटात घेतं. काचेला मात्र अशी हालचाल सहन होत नाही, कारण तिच्या पृष्ठभागावर, त्यातही कापलेल्या कडेला, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि सगळा ताण त्या चिरांच्या टोकाशी गोळा होतो. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हे 1921 साली मांडलं. म्हणून काचेची कड पत्र्याला एका जागीसुद्धा टेकता कामा नये, आणि गंज हा काचेचा खरा शत्रू का, तेही इथेच कळतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, पत्र्याची कड फुगते आणि एक दिवस काच तिथूनच तडकते.

रबर मरतं ते हवेतल्या ओझोनमुळे. जुन्या रबराच्या साखळ्यांमध्ये दुहेरी बंध असतात, ओझोन नेमके तेच तोडतो, आणि जिथे रबर ताणलेलं असतं तिथे, म्हणजे कोपऱ्याच्या वळणावर, आधी भेगा पडतात. ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत हे बंध नसतात, त्यामुळे नवी बीडिंग घेताना मी तीच घ्या म्हणेन. रबर एकदा कडक झालं की दाब जातो आणि केसाएवढी फट राहते, आणि केसाएवढी फट म्हणजे पाण्याला आमंत्रणच, स्वच्छ काचेच्या दोन तुकड्यांत 0.1 मिमी अंतर असेल तर पाणी आपोआप जवळजवळ 15 सेंटीमीटर वर चढतं!

काच बदलायची तर आधी तिची जात बघा. पुढची लॅमिनेटेड हवी, म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी या पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर, फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात. बाजूच्या काचा बहुधा टफन्ड असतात, 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेल्या, त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली राहतो. अशी काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलात की सगळीचा चुरा. सपाट लॅमिनेटेड मात्र साचा देऊन कापून मिळते.

बसवताना बीडिंग आधी काचेवर चढवायची, तिच्या पत्र्यासाठीच्या खाचेत गोल फिरवून दोरी घालायची, टोकं गाडीच्या आत सोडायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची, रबराची ओठासारखी कड टप टप करत पत्र्यावर चढत जाते, फार सुंदर दिसतं ते. तेल किंवा ग्रीस लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर नकोच, तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि त्याने पत्रा गंजतो. लागलंच तर कधीच न सुकणारं मऊ सीलंट खाचेत भरा, ते हालचालीबरोबर सरकतं.

मग पाइपने पाणी मारून बघा, पण खालून सुरुवात करा आणि दर वेळी थोडं थांबून वर जा, आत कुणीतरी कोरडा टिश्यू कडेला लावून बसलेलं हवं. एकदम वरून पाणी सोडलं तर ते ओघळून भलतीकडेच टपकतं आणि गळती कुठे आहे ते सापडत नाही.