पार्श्वभूमी : व्हीआर प्रशिक्षण आणि ‘शिकण्याची शैली’

‘ज्याच्या त्याच्या शिकण्याच्या शैलीनुसार प्रशिक्षण’ ही व्हीआरची, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीची (आभासी वास्तवाची), जाहिरात आता सवयीची झाली आहे. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हाताने करून; डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये तिन्हींची सोय. ऐकायला पटतं. पण मागे जाऊन पाहिलं की कळतं, सराव करून घेणारं यंत्र आणि ‘शैली’ची कल्पना यांचा जन्मापासून काही संबंध नाही.

यंत्राची गोष्ट जुनी. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता. बाजाच्या पेटीला असतो तसा भाता तिथे रोजच्या वापरातला. त्याच भात्यांवर लिंक यांनी १९२९ मध्ये एक छोटं खोटं विमान बसवलं. दांडा हलवला की ते डुले, कलंडे. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीच्या बागांत गेलं. १९३४ मध्ये हवाई टपालाचं काम लष्कराकडे आलं, खराब हवेत अनेक वैमानिक दगावले आणि लष्कराने सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक यावर तयार झाले.

या यंत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी वस्तू बाहेर, प्रशिक्षकाच्या टेबलावर असे. शिकाऊ वैमानिक झाकण लावून आत अंधारात, फक्त उपकरणांच्या काट्यांकडे बघत. आणि इकडे शाईचं चाक लावलेली एक छोटी गाडी नकाशावर सरकत त्याच्या उड्डाणाची रेघ ओढत जायची. तिला ‘क्रॅब’, म्हणजे खेकडा, म्हणत. कुठे भरकटला ते त्याला बाहेर आल्यावर कागदावर दिसे.

डोक्यावर घालायचा पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवला. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्द जॅरन लनिअर यांनी १९८० च्या दशकात रुळवला.

शैलीची कल्पना शिक्षणशास्त्रातून आली. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती ही विभागणी १९९२ ची. २००४ च्या एका ब्रिटिश आढाव्यात शैलींची ७१ प्रारूपं मोजली गेली. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला : आपल्या शैलीत शिकवलं तर खरंच जास्त येतं का? शैलीनुसार वर्ग पाडावेत इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, पण आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं, हे सिद्ध झालेलं नाही.

हेडसेट घातला म्हणजे आपोआप जास्त समजतं, असंही नाही. गिडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात आभासी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ‘आपण तिथेच आहोत’ असं अधिक वाटलं, पण साध्या पडद्यावर तेच केलं तेव्हा ते जास्त शिकले.

मग माणसामाणसातला फरक मोजायचा कुठे? २००२ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात १६ शिकाऊ शल्यचिकित्सक होते. निम्म्यांनी पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी संगणकावर सराव केला. हेडसेट नव्हता, पडद्यावर साधे आकार उचलायचे, हलवायचे. कुणाची शैली कुणी विचारली नाही. अनुभवी सर्जनांचे गुण हा पल्ला ठरवला होता आणि तो गाठेपर्यंत त्यांच्यातल्या प्रत्येकाने सराव करायचा होता, कमी वेळ लागो की जास्त. पुढे खऱ्या शस्त्रक्रियेत सराव केलेले शिकाऊ इतरांपेक्षा २९ टक्के जलद निघाले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती.