राखणदार कुत्रा आणि भेदरलेला कुत्रा
तीस-पस्तीस किलोंचा, शेफर्ड किंवा रॉटवायलरच्या संकरातला कुत्रा ज्यांच्या घरी आहे, त्यांना गोचिडांचा बंदोबस्त, रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना यांविषयी नव्याने सांगण्याची गरज नाही. ‘मिक्स आहे, भरवसा नाही’ हा आक्षेपही फार वेळ देण्याच्या लायकीचा नाही. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लाला किती प्रकारची माणसे आणि आवाज अनुभवायला मिळाले, यावर त्याचा स्वभाव बराच अवलंबून असतो.

खरा घोटाळा वेगळाच आहे. लिफ्टचे दार उघडताच कुरियरवाल्यावर झेपावणाऱ्या कुत्र्याला मालक कौतुकाने ‘कडक राखणदार’ म्हणतो, आणि तो बहुधा निव्वळ घाबरलेला असतो. राखणदार कुत्रा अनोळखी माणसाच्या आणि घराच्या मध्ये भक्कम उभा राहतो, खालच्या पट्टीत दोन-चारदा भुंकून मालकाकडे पाहतो, आणि मालकाने पाहुण्याला आत घेतले की गप्प बसतो. भेदरलेल्याच्या अंगाचा भार मागच्या पायांवर असतो, कान मागे पडलेले असतात, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो, भुंकणे चिरके असते आणि थांबता थांबत नाही. समोरचा पाठ फिरवतो तेव्हा हाच मागून येऊन पोटरी धरतो. शेपटी हलते आहे, हा मैत्रीचा पुरावा मुळीच नव्हे. मोकळ्या मैदानात तो दूर पळाला असता. लिफ्टमध्ये आखडून धरलेल्या पट्ट्यावर पळायला वाट नसते, म्हणून तो झेपावतो.

गुरगुरल्याबद्दल मार दिला तर गुरगुरणे थांबते, भीती थांबत नाही, आणि असा कुत्रा पुढे इशारा न देताच चावतो. पिल्लू तिखट व्हावे म्हणून त्याला बाल्कनीत साखळीला बांधून ठेवणाऱ्यांविषयी मला काडीचीही सहानुभूती नाही. राखणदाराला ‘पुरे’ हा एक हुकूम शिकवला की बरेचसे काम भागते. भेदरलेल्याला मात्र अंतर लागते: गर्दीची लिफ्ट सोडून द्यावी, वॉचमन लांब दिसत असतानाच कुत्र्याला आवडता खाऊ द्यावा आणि हे अंतर हळूहळू कमी करावे. आजवर शांत असलेला मोठा कुत्रा अचानक अंगावर येऊ लागला, तर आधी डॉक्टरांकडून कंबरेचे सांधे तपासून घ्यावेत, कारण दुखणेही असेच दिसते. तोवर मुसके घालायचेच असेल, तर ते जाळीचे हवे. कापडी पट्ट्याने तोंड आवळलेल्या कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात अंग थंड ठेवण्याचा त्याच्याकडे दुसरा मोठा उपाय नसतो.