घंटी वाजण्याआधीचं बोलणं

नंबर लावल्यापासून पलीकडे घंटी वाजेपर्यंतच्या क्षणांत आपला आवाज कुठेच पोचलेला नसतो. बोलत असतात ती एक्स्चेंज: हा ग्राहक कुठे आहे, लाइन मोकळी आहे का? या बोलण्याला सिग्नलिंग म्हणतात. पूर्वी अमेरिकेत ते आवाजाच्याच लाइनवरून सुरांच्या रूपात चाले, आणि २६०० हर्ट्झचा सूर काढून काही जण ट्रंक कॉल फुकटात करत. सिग्नलिंगला स्वतंत्र वाट मिळाली तेव्हा ही पळवाट बुजली. त्या वाटेचं १९८०मध्ये प्रमाणित झालेलं रूप म्हणजे एसएस-७. तिचा एकेक दुवा सेकंदाला जेमतेम ६४ किलोबिट नेई.

कॉल जोडायला एवढं पुरे होतं. मग एसएमएस आला. तो आवाजाच्या नव्हे, सिग्नलिंगच्याच वाटेने जातो, म्हणून तर त्याला १४० बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत त्यात १६० अक्षरं मावतात. देवनागरीत ७०, तीही काना, मात्रा, वेलांटी सुटी मोजून! असे संदेश प्रचंड संख्येने येऊ लागले तसे जुने दुवे अपुरे पडले. आयपी नेटवर्क, म्हणजे इंटरनेट ज्या पद्धतीवर चालतं ते, स्वस्त होतं, रुंदही होतं. पण सिग्नलिंगच्या अटी कडक: एक कोटी संदेशांत एकापेक्षा जास्त हरवता कामा नये, एखादा मार्ग वर्षात दहा मिनिटांहून जास्त बंद राहता कामा नये.

इंटरनेटवर माहिती पोचवण्याची नेहमीची टीसीपी पद्धत इथे अडते. टोलनाक्यावर एकच रांग असावी आणि पुढची गाडी बंद पडावी, तसं एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, हरवलं की मागचे सगळे संदेश थांबतात. तुमच्या कॉलचा संदेश हरवला म्हणून अनोळखी माणसाचा कॉल का खोळंबावा? म्हणून इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या सिगट्रान गटाने नवी पद्धतच घडवली. एससीटीपी नावाची ही पद्धत ऑक्टोबर २०००मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच जोडणीत ती अनेक स्वतंत्र प्रवाह चालवते. शिवाय दोन्ही टोकांना एकाहून अधिक आयपी पत्ते देता येतात. एक मार्ग तुटला तर संदेश दुसऱ्याने जातात, जोडणी तुटत नाही.

तिच्यावर एम३यूएसारखा जुळवणीचा थर बसतो. वरच्या एसएस-७च्या थरांना खालचा रस्ता बदलल्याचं कळतही नाही. मला यातला सर्वांत शहाणा निर्णय हाच वाटतो, कारण जगभरची चालती यंत्रणा न मोडता रस्ता बदलता आला.

मात्र जुना भोळेपणाही सोबत आला. एसएस-७ मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्यांसाठी बनलं होतं. संदेश पाठवणारा खरा कोण, हे ते विचारत नाही. याच दुबळेपणातून मोबाइलधारकाचा ठावठिकाणा शोधता येतो, हे डिसेंबर २०१४मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं. आयपीवर आल्याने ही उणीव आपोआप भरून निघत नाही. दोन नेटवर्कच्या सीमेवर गाळणी बसवून संशयास्पद संदेश अडवावे लागतात, आणि हे काम प्रत्येक कंपनीने नेटाने करायला हवं.

एससीटीपी मात्र एसएस-७च्याही पुढे गेलं आहे. ४जी आणि ५जीचे टॉवर आपल्या मुख्य नेटवर्कशी नियंत्रणाचे संदेश त्याच्यावरूनच बोलतात.