एक तिकीट, दोन पासपोर्ट आणि १९६१ चा डिसेंबर

इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये राहणारं, मूळचं गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातलं एखादं कुटुंब नाताळसाठी गोव्याला यायचं ठरवतं, तेव्हा टेबलावर माणशी तीन कागदपत्रं निघतात. पोर्तुगीज पासपोर्ट, ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो तो आयुष्यभराचा व्हिसा. (नाव कार्ड, रूप मात्र पुस्तिकेचं.) विमान कंपनीच्या फॉर्ममध्ये पासपोर्ट क्रमांकासाठी चौकट एकच असते. तिथे कुठला टाकायचा?

व्यवहारातलं उत्तर सोपं आहे: ज्या देशात उतरायचं, तिथे आत शिरण्याचा हक्क ज्या पासपोर्टावर आहे तो. म्हणजे येताना एक आणि जाताना दुसरा. पण एका घरात तीन पुस्तिका आल्या कुठून, आणि सरकारने विचारायचा प्रश्न विमान कंपनी का विचारते, हे पाहायचं तर पासष्ट वर्षं मागे जावं लागतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर-जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली. गोवेकरांच्या नागरिकत्वाचा हिशेब भारत सरकारने २८ मार्च १९६२ च्या आदेशाने मिटवला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जो जन्मला, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा तिथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला जुनं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं. बहुतेकांनी काहीच कळवलं नाही आणि ते आपोआप भारतीय झाले.

ज्यांनी कळवलं, त्यांच्यात फादर मॉन्तेरो हे धर्मगुरू होते. त्यांनी पोर्तुगीज राहणं पसंत केलं, त्यामुळे जन्मगावीच ते परदेशी ठरले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, त्यांनी ती वाढवून मागितली नाही, देशही सोडला नाही, आणि खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गोवा हा व्याप्त, म्हणजे परक्या सैन्याने ताब्यात घेतलेला प्रदेश आहे, म्हणून तिथल्या नागरिकांना जपणाऱ्या जिनिव्हा करारांचं संरक्षण मला मिळालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं: प्रदेश भारतात सामील झाला तेव्हाच व्याप्त अवस्था संपली. एका देशाचं नागरिकत्व घट्ट धरलं की दुसऱ्या देशात आपण पाहुणे होतो, हे गोव्यात पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे कुणाला कळलं असेल तर या पाद्रींना.

तिकडे लिस्बनमध्ये सालाझारच्या सरकारला हे सामिलीकरणच मान्य नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दफ्तरी गोवेकर पोर्तुगीजच राहिले. एप्रिल १९७४ मधल्या क्रांतीने तिथली हुकूमशाही गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालकडून मारियू सुआरिश आणि भारताकडून तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मागच्या तारखेपासून मान्य केलं. जमीन दिली, पण त्या जमिनीवर आधी जन्मलेल्यांचं नागरिकत्व मात्र काढून घेतलं नाही. पोर्तुगालच्या दृष्टीने ती माणसं जन्माने पोर्तुगीज होती आणि आहेत. १९८१ च्या तिथल्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या मुलांनाही आईवडिलांमार्फत दार उघडं ठेवलं. अट फक्त जन्माची नोंद पोर्तुगीज दफ्तरात करण्याची.

या नोंदीची साखळी अशी: आजोबा १९६१ पूर्वीचे असतील तर आधी त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात, मग वडिलांची, मग आपली. त्यासाठी गोव्यातल्या जुन्या वह्यांमधला पोर्तुगीज हस्ताक्षरातला दाखला शोधायचा, नावांची स्पेलिंगं जुळवायची, आईच्या माहेरच्या आडनावाचा घोळ निस्तरायचा. सत्तरच्या दशकात या खटाटोपात फारसा अर्थ नव्हता. १९८६ ला पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि पुढे सदस्य देशांच्या नागरिकांना कुठल्याही सदस्य देशात राहून काम करण्याची मुभा मिळाली, तेव्हा आजोबांच्या दाखल्याला एकदम भाव आला. लिस्बनची नोंद हातात आली की माणूस लिस्बनला क्वचितच राही. तो स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो गाठी.

इथे भारतीय कायदा आडवा येतो. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ यांचा सूर एकच: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. अर्ज करा अगर करू नका, कळवा अगर कळवू नका. नियमांमध्ये तर परदेशी पासपोर्ट मिळवणं हाच त्याचा निर्णायक पुरावा मानला आहे. फाळणीनंतर पाकिस्तानी पासपोर्ट घेऊन परतलेल्या लोकांनी या नियमाला आव्हान दिलं होतं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. म्हणजे पाकिस्तानला डोळ्यांसमोर ठेवून घासलेलं हत्यार पुढे सासष्टीतल्या दर्यावर्दी कुटुंबांवर चाललं. जन्मनोंद केवळ लिस्बनच्या वहीत चढली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर नागरिकत्व जातं का, यावर गोव्यात बरीच वर्षं वाद चालला आहे. काही आमदारांच्या नागरिकत्वालाही याच मुद्द्यावर आव्हान दिलं गेलं. पासपोर्ट घेतला असेल तर मात्र वादाला जागा उरत नाही.

म्हणून ‘दुहेरी नागरिक’ हा शब्द आपल्याकडे सैल वापरला जातो. न्यू जर्सीतला पुणेकर स्वतःला दुहेरी नागरिक म्हणवतो, कारण त्याच्याजवळ अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय आहे. तो एकाच देशाचा नागरिक आहे, अमेरिकेचा. घोटाळ्याचं मूळ नावात आहे. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने २००२ च्या अहवालात परदेशस्थांना दुहेरी नागरिकत्व द्यावं अशी शिफारस केली होती. पुढच्या वर्षी ९ जानेवारीला पहिल्या प्रवासी भारतीय दिनी वाजपेयींनी तशी घोषणाही केली. कायद्यात उतरता उतरता तिचं जे झालं ते ओसीआय, म्हणजे ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, शेतजमीन विकत घेणं नाही, भारतीय पासपोर्ट तर नाहीच. आयुष्यभराचा व्हिसा आहे, नाव नागरिकाचं. माझ्या मते ही नामकरणाची चूक आहे आणि तिची किंमत लोक विमानतळावर मोजतात. जुना भारतीय पासपोर्ट अजून मुदतीत आहे म्हणून त्यावरच प्रवास करू पाहणारी माणसं अजून भेटतात. तो जमा करायचा असतो. तो वापरणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे.

खरे दुहेरी नागरिक हवेत तर आपलं स्विंडनचं कुटुंब घ्यावं. ब्रेक्झिटनंतर युरोपीय पासपोर्टावर तिथे राहणाऱ्यांना वेगळा दर्जा मिळवण्यासाठी अर्ज करावा लागला. मूळ मुदत ३० जून २०२१ ची होती. तो दर्जा मिळाल्यावर अनेकांनी पुढचं पाऊल टाकून ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. पोर्तुगालला दुसरं नागरिकत्व चालतं, ब्रिटनलाही चालतं. असे दोन पासपोर्ट झाले. भारताने नाही म्हटलं, म्हणून तिसरी पुस्तिका.

आता विमान कंपनीकडे वळू. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बराचसा प्रवास पासपोर्टाविना होई. युद्धाने तपासण्या आणल्या आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने पुस्तिकेला एकसारखं रूप दिलं. दोन नागरिकत्वं असलेल्या माणसाचं काय, हे १९३० च्या हेग करारात आलं: त्याला दोन्ही देश आपापला नागरिक मानू शकतात, आणि एका देशाला दुसऱ्याविरुद्ध त्याची राजनैतिक पाठराखण करता येत नाही. आपल्या नागरिकाने आपल्याच पासपोर्टावर आत यावं, या अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या आग्रहामागे हाच विचार आहे. आमच्या दारात तू आमचा, पाहुणा म्हणून येऊ नकोस.

तरी तेव्हा हा मामला प्रवासी आणि सीमेवरचा अधिकारी यांच्यातच होता. विमान कंपनी त्यात खरी ओढली गेली दंडामुळे. फेब्रुवारी १९८७ मध्ये श्रीलंकेतले ५८ तमिळ आश्रयार्थी हीथ्रोला उतरले. त्यांना परत पाठवायचा प्रयत्न झाला तेव्हा धावपट्टीजवळ काहींनी निषेध म्हणून अंगावरचे कपडे उतरवले. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा केला: योग्य कागदपत्रांविना प्रवासी आणला तर कंपनीला माणशी १,००० पौंड. १९९१ मध्ये ते २,००० झाले. अशा कायद्यांनी सीमा हीथ्रोवरून उचलून मुंबईच्या, कोलंबोच्या चेक-इन काउंटरवर आणून ठेवली. काउंटरवरची मुलगी तुमचा पासपोर्ट उलटसुलट करते, संगणकात टिमॅटिक नावाच्या नियमकोशात डोकावते, ते कंपनीचे २,००० पौंड वाचवण्यासाठी. तिच्याशी हुज्जत घालताना एवढं लक्षात असलेलं बरं.

दुसरा धक्का सप्टेंबर २००१ चा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायद्याने सक्ती केली की अमेरिकेला येणाऱ्या विमानातल्या प्रवाशांचा तपशील कंपनीने आधीच कळवायचा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कुठल्या देशाचा. युरोप, भारत आणि इतरांनीही तेच केलं. बुकिंगच्या फॉर्ममधली ती चौकट इथून आली. तिकीट काढायला खरं तर फक्त नाव लागतं. पासपोर्टाचा तपशील पुढच्या देशाला कळवण्यासाठी असतो आणि चेक-इनपर्यंत सहसा बदलता येतो. बुकिंगच्या वेळी चुकीचा पासपोर्ट टाकला म्हणून तिकीट बाद होत नाही. मोठी चूक नावात होते. पोर्तुगीज पासपोर्टावर चार शब्दांचं नाव, मध्ये ‘द’, वर आईचं आडनाव, आणि ब्रिटिश पासपोर्टावर सुटसुटीत दोन शब्द असतील, तर तिकिटावरचं नाव एकाशी जुळतं, दुसऱ्याशी नाही. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर खाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यात नाव कसं बसवलं आहे ते पाहून तिकिटावर लिहावं. यंत्र तेवढंच वाचतं.

या कुटुंबासाठी सगळ्यात ताजा बदल ब्रिटनचा आहे. ज्यांना व्हिसा लागत नाही अशा परदेशी पाहुण्यांना तिथे आता प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. युरोपीय पासपोर्टवाल्यांना २ एप्रिल २०२५ पासून. ब्रिटिश नागरिकाला ही परवानगी मिळतच नाही, कारण तो पाहुणा नव्हे. २५ फेब्रुवारी २०२६ पासून तपासणी कडक झाली. नुसता पोर्तुगीज पासपोर्ट दाखवून परतणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला कंपनी विमानात बसू न देण्याची शक्यता आहे. ब्रिटिश पासपोर्ट हवा, नाहीतर दुसऱ्या पासपोर्टाशी जोडलेलं हक्काचं प्रमाणपत्र, ज्याची फी फेब्रुवारी २०२६ मध्ये ५८९ पौंड होती. नागरिकत्वाचा सोहळा झाला, पासपोर्टाचं नंतर बघू, असं म्हणून राहिलेले यात अडकतात.

तेव्हा नाताळची ही फेरी कागदावर अशी दिसते. ओसीआय पोर्तुगीज पासपोर्टावर काढलेलं असेल तर येतानाच्या तपशिलात पोर्तुगीज क्रमांक. हीथ्रोवर ब्रिटिश सरकारचा बाहेर जाण्याचा शिक्का नसतो. २०१५ पासून बाहेर जाणाऱ्यांची नोंद कंपन्यांकडूनच घेतली जाते. गोव्यात उतरल्यावर इमिग्रेशनला पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय. परतताना गोव्याच्या मोपा विमानतळावरच्या काउंटरवर कंपनी विचारते, ब्रिटनमध्ये जायचा हक्क काय, तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट. तिथून पुढे वीस-पंचवीस पावलांवर भारतीय इमिग्रेशनच्या खिडकीशी पुन्हा पोर्तुगीज, कारण ज्यावर आत आलात त्याच्यावरच बाहेर. त्या पंचवीस पावलांत ब्रिटिश पुस्तिका पर्समध्ये जाते आणि पोर्तुगीज बाहेर येते. लहान मूल सोबत असेल तर त्याच्याही.