सिद्धेश्वर मंदिर व तलाव, सोलापूर

सोलापूर शहराच्या मध्यवर्ती भागात, भुईकोट किल्ल्याला लागून असलेल्या तळ्यातील शिवमंदिर. शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची योगसमाधी याच मंदिराच्या प्राकारात आहे. मंदिर पाण्याने वेढलेल्या जागेवर उभे असून दगडी वाटेने काठाशी जोडलेले आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्डा यात्रा हा येथील मुख्य उत्सव. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण या चारही राज्यांतून भाविक त्यासाठी येतात.

मंदिराचा विचार तळ्यापासून वेगळा करता येत नाही. बहुतेक देवस्थानांत आधी देऊळ उभे राहते आणि पुष्करणी किंवा कुंड त्याच्या सेवेसाठी खोदला जातो. सोलापुरात परंपरेने तळे खोदण्याच्या कामालाच उपासनेचा दर्जा दिला. ज्या संताच्या नावाने देऊळ ओळखले जाते, त्याची पहिली ओळख तळे बांधणारा अशीच आहे.

सिद्धरामेश्वर आणि सोन्नलिगे

सिद्धरामेश्वर (सिद्धराम) हे बाराव्या शतकातील शिवशरण (कन्नड वचने रचणारे वीरशैव संत), महात्मा बसवेश्वर आणि अल्लमप्रभू या शरणांचे समकालीन. त्या काळी सोलापूरचे नाव सोन्नलिगे असे होते. त्यांच्या पित्याचे नाव मुद्दगौडा आणि मातेचे सुग्गलादेवी. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक याने त्यांचे चरित्र षट्पदी छंदात रचले. आज सोलापुरात घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच कथा त्या चरित्राच्या परंपरेतल्या आहेत.

त्यांतली बालपणीची कथा या भागातल्या मातीला धरून आहे. मुलगा शेतात राखण करीत असताना मल्लय्या नावाचा जंगम (वीरशैव फिरता साधू) आला आणि त्याने हुरडा मागितला. हुरडा खाऊन झाल्यावर त्याने दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला आणि परत येऊन पाहतो तो पाहुणा नाहीसा झालेला. मल्लय्याला हाका मारत तो यात्रेकरूंच्या मागे थेट आंध्रातील श्रीशैल या शिवक्षेत्री पोहोचला. तिथेही मल्लय्या भेटेना, तेव्हा मुलाने कड्यावरून उडी टाकायचे ठरवले आणि त्या क्षणी श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाने त्याला दर्शन दिले. ‘परत जा आणि सोन्नलिगेचे दुसरे श्रीशैल कर’ असा आदेश त्याला मिळाला, अशी श्रद्धा आहे. परतल्यावर सिद्धरामांनी मल्लिकार्जुनाचे देऊळ उभारले, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे, अष्टविनायक व अष्टभैरव यांची स्थापना केली आणि तळे खोदायला घेतले. या कामासाठी नन्नप्पा राजा व त्याची राणी चामलादेवी यांनी जमीन दिली, असे परंपरा सांगते.

तळ्याला एवढे महत्त्व का आले, हे सोलापूरच्या पावसाकडे पाहिले की कळते. जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ज्वारी, हुरडा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही इथली खाद्यसंस्कृती याच कोरडवाहू शेतीतून आलेली आहे. अशा मुलखात पाणी अडवणारा माणूस देवपदाला पोहोचला, यात नवल नाही.

अल्लमप्रभू आणि सिद्धराम यांच्या भेटीचा प्रसंग कन्नड शरण साहित्यातील ‘शून्यसंपादने’ या संवादग्रंथात येतो. तळ्याचे काम चालू असताना अल्लमप्रभू तिथे आले आणि ‘तुमचा तो वड्ड राम कुठे आहे?’ असे त्यांनी मजुरांना विचारले. वड्ड म्हणजे दगडमातीचे काम करणारा वडार. गुरूचा असा एकेरी उल्लेख ऐकून मजूर चिडले आणि त्यांनी दगड उचलले. पुढे दोघांचा संवाद होतो. बाहेरचे तळे बांधताना आतल्या साधनेचे काय, हा त्या संवादाचा गाभा आहे. त्यानंतर सिद्धराम कल्याणला (आजचे बसवकल्याण) अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, गेले आणि बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांनी इष्टलिंगाची (अंगावर धारण करायच्या शिवलिंगाची) दीक्षा घेतली. शरण परंपरेत शून्यसिंहासनावर (अनुभवमंटपाच्या अध्यक्षपदावर) अल्लमप्रभू व चन्नबसवण्णा यांच्यानंतर सिद्धरामांचे नाव घेतले जाते. कल्याणमधील उलथापालथीनंतर (राजा बिज्जळाची हत्या व शरणांची पांगापांग) ते सोन्नलिगेला परतले आणि इथेच त्यांनी समाधी घेतली.

या भेटीकडे पुष्कळदा कर्मावर ज्ञानाने केलेली मात म्हणून पाहिले जाते. सोलापूरची लोकस्मृती मात्र तसे मानत नाही. दीक्षेनंतरही इथे सिद्धराम ‘कर्मयोगी’ म्हणूनच ओळखले जातात, आणि कर्नाटकातील वड्डर (भोवी) समाज त्यांना आपले कुलगुरू मानतो. कष्टाने पाणी उभे करणाऱ्या माणसांनी आपला संत स्वतः निवडला, ही गोष्ट धर्मेतिहासात फार मोलाची आहे.

सिद्धरामांची वचने, म्हणजे छोट्या गद्यकाव्यासारख्या रचना, कन्नडमध्ये आहेत. त्यांची मुद्रिका, म्हणजे वचनात येणारी नाममुद्रा, ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ अशी आहे. वचनकारांमध्ये संख्येने विपुल वचने मागे ठेवणाऱ्यांत त्यांची गणना होते.

स्थापत्य

तळे, देऊळ आणि किल्ला ही तीन बांधकामे एकमेकांना खेटून आहेत आणि त्यांचे काळ वेगवेगळे आहेत.

भुईकोट किल्ल्याचे बांधकाम बहमनी काळात, चौदाव्या शतकात सुरू झाले असे मानतात. दुहेरी तट, बुरूज आणि एकामागून एक दरवाजे अशी त्याची रचना आहे. सपाट माळावरच्या किल्ल्याला डोंगराचा आधार नसतो, म्हणून खंदकावर सगळी भिस्त. तीन बाजूंनी खंदक खणला गेला आणि पूर्वेकडे आधीपासून असलेल्या सिद्धेश्वर तळ्यानेच खंदकाचे काम केले. संताने लोकांसाठी अडवलेले पाणी असे सुलतानांच्या संरक्षणव्यवस्थेचा भाग झाले. तळ्याच्या काठावरून किल्ल्याचा तट पाहिला की हे नाते नीट उमगते. आतून, किल्ल्याच्या बागेतून, ते तितके जाणवत नाही.

किल्ल्याच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या देवळाचे अवशेष आहेत. त्यातील कोरीव खांब उत्तर चालुक्य काळातील दगडी स्थापत्याच्या वळणाचे आहेत. हे वळण समजून घ्यायचे तर दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे जावे. भीमा आणि सीना नद्यांच्या संगमावरील तिथल्या मंदिरात शके 940 (इ. स. 1018) मधील मराठी शिलालेख आहे. सिद्धरामांच्या शंभरेक वर्षे आधी या परिसरात पाण्याकाठी देवळे बांधण्याची परंपरा रुजली होती, याचा तो दगडी पुरावा आहे.

तळ्यातील सध्याचे मंदिर मात्र एका काळाचे बांधकाम नाही. मूळ समाधिस्थानाभोवती पुढच्या शतकांत भर पडत गेली. गाभारा, सभामंडप, भोवती मोकळे पटांगण आणि कडेने ओवऱ्या अशी दख्खनी देवळांची ओळखीची मांडणी इथेही दिसते. प्राकारातच विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ आहे. वीरशैव संताच्या समाधीशेजारी पंढरीचा विठोबा, हे सोलापूरच्या धार्मिक जीवनाचे खरे रूप आहे. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे आणि इथल्या कित्येक घरांत शिवदीक्षा आणि वारी दोन्ही चालतात.

कोरीव कामाच्या श्रीमंतीसाठी हे मंदिर पाहायला जाणाऱ्याची निराशा होईल. त्याचे सौंदर्य जागेच्या निवडीत आहे. काठावरून निघालेली वाट भाविकाला गर्दीच्या रस्त्यावरून पाण्यावर नेते. उघड्या पटांगणात समाधी आणि चारी दिशांना आकाश. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या शहरात तळ्यावरून येणारा वारा हाही या वास्तूचाच भाग मानावा लागतो.

पुढील इतिहास

बहमनी सत्ता विस्कटल्यावर सोलापूरचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्यातील कायमच्या भांडणाचे कारण ठरला. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी हिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी लावून दिला, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला. त्या सोयरिकीनंतरच दख्खनच्या सुलतानांची फळी विजयनगरविरुद्ध 1565 च्या तालिकोटच्या लढाईत एकत्र उतरली. नंतर किल्ला मोगल, मराठे असा हात बदलत राहिला आणि 1818 मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांकडून घेतला. या सगळ्या घडामोडींत तळ्यातील समाधीची पूजा गावाने टिकवली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शहराजवळ एकरुखचा (हिप्परगा) मोठा तलाव बांधला आणि पुढे गिरण्या आल्या, तेव्हा शहराचा पाण्यासाठीचा सिद्धेश्वर तळ्यावरील भार हलका झाला. तळे भक्तीचे आणि फिरायला जाण्याचे ठिकाण उरले.

गड्डा यात्रा

यात्रेच्या मुळाशी एका कुंभारकन्येची कथा आहे. तिने सिद्धरामांशी लग्नाची इच्छा धरली. योगी असलेल्या सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली. तो विवाह दरवर्षी नंदीध्वजांच्या रूपाने लागतो. नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या. अशा सात काठ्या असतात आणि प्रत्येक काठीचा मान वेगळ्या घराण्याकडे व समाजाकडे असतो. शेवटच्या दोन काठ्यांचा मान मातंग समाजाकडे आहे. पहिल्या मानाचे मानकरी हिरेहब्बू. त्यांच्या बाळीवेशीतील वाड्यातून मिरवणूक निघते. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने काठी तोलून धरतात. त्यासाठी कित्येक दिवस सराव करावा लागतो. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा जयघोष त्या दिवसांत शहरभर ऐकू येतो.

पहिल्या दिवशी, भोगीला, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात आणि लिंगांना तैलाभिषेक होतो. याला यण्णीमज्जन म्हणतात. सकाळी निघालेली मिरवणूक परतायला रात्र होते. अडुसष्ट लिंगे शहराच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेली असल्याने ही प्रदक्षिणा म्हणजे जुन्या सोन्नलिगेचा पायी काढलेला नकाशाच. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाने हा मार्ग एकदा चालून पाहावा. दुसऱ्या दिवशी मंदिराजवळील संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. संमतीचे (या विवाहातील मंगलवचनांचे) वाचन चालू असताना ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ हे शब्द आले की हजारो हात एकदम अक्षता टाकतात. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे त्या वेळी एकाच लग्नाचे वऱ्हाडी असतात. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी होतो. त्यानंतर उपाशी ठेवलेल्या वासराच्या हालचालींवरून पाऊसपाणी आणि धान्याच्या भावांचे भाकीत सांगितले जाते, त्याला भाकणूक म्हणतात. पुढे शोभेचे दारूकाम आणि कप्पडकळीने, म्हणजे नंदीध्वजांचे वस्त्रविसर्जन करून, धार्मिक विधी संपतात. पाळणे, खेळणी आणि खाण्याची दुकाने असलेली जत्रा मात्र होम मैदानावर पुढेही काही दिवस चालूच राहते.

सद्यःस्थिती

मंदिराचा कारभार देवस्थान पंच कमिटी पाहते. श्रावणात आणि सोमवारी दर्शनाला विशेष गर्दी असते. काठावर घाट व बाग असून गणपती घाटावर गणेशविसर्जन होते. सोलापूर–मुंबई ही रात्रीची रेल्वेगाडी सिद्धेश्वर एक्सप्रेस याच दैवताच्या नावाने धावते.

तळ्याच्या पाण्याचा दर्जा हा गंभीर प्रश्न आहे. नव्या पाण्याची आवक कमी आणि भोवती दाट वस्ती, यामुळे पाणी साचून राहते. पाण्यातला प्राणवायू घटून मासे मेल्याच्या घटना घडल्या आहेत. कारंजी बसवणे, निर्माल्यासाठी वेगळे कुंड ठेवणे, गाळ काढणे असे उपाय वेळोवेळी झाले. सुशोभीकरणापेक्षा पावसाचे पाणी तळ्यात आणणाऱ्या जुन्या वाटा मोकळ्या करण्याला अग्रक्रम मिळायला हवा, कारण बांध आणि आवक यांच्या हिशेबावरच हे तळे खोदले गेले होते.