मायलेज वाढलं, मग इंधन किती वाचलं?

हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला विजेवर चालणारी मोटर) किंवा स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद) यांसारखं इंधन वाचवणारं तंत्र बाजारात आलं की एक शंका हमखास निघते: गाडी कमी पेट्रोल पिऊ लागली की माणसं जास्त फिरणार, मग वाचलं काय? ही शंका मोटारगाडीपेक्षाही जुनी आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली 'द कोल क्वेश्चन' या पुस्तकात ती मांडली. जेम्स वॅटच्या इंजिनाला आधीच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी कमी कोळसा लागत होता, तरी ब्रिटनमधला कोळशाचा खप वाढतच गेला. कारण इंजिन चालवणं स्वस्त झाल्यावर ते अशा ठिकाणी पोचलं, जिथे पूर्वी ते परवडतच नव्हतं.

मोटारींच्या बाबतीत हा वाद पेटला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून प्रत्येक कंपनीच्या नव्या गाड्यांच्या सरासरी मायलेजला किमान मर्यादा घातली. प्रवासी मोटारींसाठी १९८५ चं उद्दिष्ट होतं गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर.

ते गाठायला तंत्रज्ञांनी खरोखर मोठं काम केलं. जुन्या इंजिनांत हवेत पेट्रोल मिसळणारा भाग म्हणजे कार्बुरेटर; तो हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो. थंडीत किंवा उंच डोंगरावर त्याचं मिश्रण बिघडतं आणि अर्धवट जळलेलं इंधन धुराबरोबर बाहेर जातं. फ्युएल इंजेक्शनमध्ये आत येणारी हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडलं जाऊ लागलं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसला आणि वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण इंजिन चालू असताना सतत सांभाळता येऊ लागलं. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटा प्रियस ही हायब्रिड गाडी आली. एरवी ब्रेक दाबला की गाडीची गती उष्णता होऊन वाया जाते. प्रियसमध्ये तिचा काही भाग बॅटरीत परत जातो आणि गाडी थांबली की इंजिनही थांबतं.

मग जेव्हन्सचं म्हणणं इथे लागू पडतं का? १९८० मध्ये अर्थशास्त्रज्ञ डॅनियल खझूम यांनी नेमका हाच मुद्दा मांडला: कार्यक्षमता वाढली की वापर स्वस्त होतो, म्हणून कागदावरची सगळी बचत हाती येत नाही. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. प्रश्न किती, हा आहे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्मॉल आणि कर्ट व्हॅन डेंडर यांनी १९६६ ते २००१ मधल्या अमेरिकेतल्या आकडेवारीचा अभ्यास करून २००७ मध्ये उत्तर दिलं: जादा फिरण्यामुळे तात्पुरती ४.५ टक्के आणि दीर्घकाळात सुमारे २२ टक्के बचत निसटते. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त बचत टिकते. याचं कारणही साधं आहे. पेट्रोल हा प्रवासाच्या खर्चाचा एकच भाग असतो, आणि मायलेज दुप्पट झालं म्हणून कुणी दिवसातले दुप्पट तास गाडीत घालवत नाही. 'लोक जास्त फिरतील' म्हणून या तंत्राला निकालात काढणं मला मुळीच पटत नाही.

खरी गळती दुसरीकडेच झाली. अमेरिकेत नव्या हलक्या वाहनांचं (मोटारी, एसयूव्ही आणि पिकअप ट्रक मिळून) सरासरी मायलेज १९८७ मध्ये गॅलनला २२ मैल होतं. २००४ मध्ये ते १९.३ वर उतरलं. इंजिनं तर वर्षागणिक सुधारत होती! पण ती सुधारणा वजन आणि वेग पकडण्याची ताकद वाढवण्यात खर्ची पडली. पिकअप ट्रक आणि एसयूव्ही कायद्याने 'हलके ट्रक' ठरत. त्यांना सैल मर्यादा होती, आणि कंपन्यांनी विक्री तिकडेच वळवली. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर निटेल यांनी २०११ मध्ये हिशेब मांडला, की वजन आणि ताकद १९८० इतकीच ठेवली असती तर २००६ पर्यंत मायलेज जवळपास ६० टक्क्यांनी वाढलं असतं. प्रत्यक्षात १९८० ते २००६ या काळात ते वाढलं सुमारे १५ टक्के. या सगळ्या इतिहासातला सर्वात अस्वस्थ करणारा आकडा माझ्या लेखी हाच.

मायलेजचे आकडे इथे आणखी दिशाभूल करतात. १२० किलोमीटरचा प्रवास धरा. लिटरला ६ किलोमीटर देणारी गाडी ८ देऊ लागली तर २० लिटरच्या जागी १५ लागतात, पाच लिटर वाचतात. २० देणारी गाडी २४ देऊ लागली तर सहाचे पाच, एकच लिटर. जाहिरातीत दुसरी सुधारणा उठून दिसते, पण तेल पहिलीत वाचतं. जड, खादाड गाड्या सुधारणं किंवा त्या कमी करणं म्हणूनच सर्वात फायद्याचं.

आणि नेमक्या त्याच वाढत आहेत. २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या एसयूव्ही होत्या. अमेरिकेत २०११ पासून गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळावर मायलेजचं उद्दिष्ट ठरतं, त्यामुळे मोठ्या गाडीला आजही सवलत मिळते. फ्रान्सने उलटी वाट धरली: २०२२ मध्ये १,८०० किलोपेक्षा जड गाडीवर वरच्या प्रत्येक किलोला १० युरो कर लावला, आणि २०२४ मध्ये ती मर्यादा १,६०० किलोवर आणली. इंजिनातली बचत वजनात विरघळू नये यासाठी थेट वजनालाच हात घालणाऱ्या मोजक्या कायद्यांपैकी तो एक आहे.