यकृतशोथ-क : औषधालयातून उपचार (खानदेश)

शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांची यकृतशोथ-क (हेपटायटिस सी) विषाणूसाठी तपासणी, औषधवाटप व पाठपुरावा ही तिन्ही कामे रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाऐवजी औषधालयाच्या खिडकीवर करण्याची पद्धती. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या संदर्भात येथे तिचा विचार केला आहे.

संज्ञा : बोलीत ‘कावीळ’ या एकाच शब्दात यकृताचे बहुतेक आजार येतात. ‘पांढरी कावीळ’ बहुधा ब प्रकाराला म्हणतात. क्वचित क प्रकारालाही तेच नाव दिले जाते. शास्त्रीय लेखनात ‘यकृतशोथ’ रूढ असले, तरी काउंटरवर ‘हेपटायटिस सी’च चालते आणि तेच वापरावे. ‘कावीळ’ म्हटले की रुग्ण डोळे कधी पिवळे झाले होते का ते आठवतो, आणि क प्रकारात ते बहुधा झालेलेच नसतात. अ व ई प्रकारची कावीळ पथ्यावर आपोआप उतरते व श्रेय झाडपाल्याला मिळते. क प्रकार १०० पैकी ५५ ते ८५ जणांत ठाण मांडून बसतो.

उगम : पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. एक मत ॲम्स्टरडॅमच्या बाजूने आहे. शहराच्या मध्यवर्ती भागातील एका औषधविक्रेत्याने व्यसनींना सिरिंज विकणे थांबवल्यावर, यकृतशोथ-ब च्या धास्तीने, १९८४ मध्ये तेथील व्यसनींच्या संघटनेने सुया बदलून देणे सुरू केले. दुसरे मत ब्रिटनच्या बाजूने आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील औषधविक्रेत्यांनी सिरिंजविक्रीत हात आखडता घेतला. एडिंबरोत त्याच सुमारास एचआयव्ही झपाट्याने पसरला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत टोचून घेणाऱ्या १६४ जणांपैकी निम्मे बाधित निघाले. त्याच वर्षी विक्रीवरील निर्बंध सैल झाले. मात्र हे दोन्ही दाखले सुईचे आहेत, उपचाराचे नव्हेत. क विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटली (तोवर ‘ना-अ ना-ब’ असेच नाव होते), आणि पुढची दोन दशके उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने. ती काउंटरवरून देण्याजोगी नव्हती. त्यामुळे २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतरच या पद्धतीचा खरा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सर्वांत भक्कम पुरावा स्कॉटलंडचा आहे. तेथील ५५ औषधालयांत झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येकी सुमारे साडेतेराशे जणांचे दोन गट होते. औषधनिर्मात्याने सगळे हाताळलेल्या गटात ९८ जण विषाणूमुक्त झाले, तर नेहमीप्रमाणे रुग्णालयाकडे पाठवलेल्या गटात ४३. हे आकडे उद्धृत करताना एक गोष्ट हमखास सुटते : ते सर्व जण मेथाडोनसारख्या (अफूजन्य नशेच्या जागी देण्याच्या) औषधासाठी त्याच औषधालयात नियमित येत होते. यकृताची गोळी त्या फेरीला जोडली गेली, एवढेच. यश औषधालयाचे की त्या फेरीचे, असा प्रश्न केला तर प्रस्तुत नोंदीचा कल फेरीकडे आहे.

भारतातील चौकट : येथे ती फेरी किरकोळ ‘मेडिकल’मध्ये होत नाही. ब्युप्रेनॉर्फिन (त्याच कामाची, जिभेखाली ठेवण्याची गोळी) व मेथाडोन व्यसनोपचारासाठी केवळ मान्य केंद्रांतून मिळतात. ब्युप्रेनॉर्फिन, पेंटाझोसिन, ट्रामाडॉल ही २०१४ पासून अमलात आलेल्या एच-१ सूचीत (चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांची कडक यादी) आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी वही तीन वर्षे जपावी लागते. औषधनिर्मात्याला चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार नाही. सुई-सिरिंज देणे गुन्हा ठरेल ही धास्ती मात्र अनाठायी आहे, कारण एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ च्या कलम २२ ने धोका कमी करण्याच्या अशा उपायांना संरक्षण दिले आहे. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमात (२८ जुलै २०१८ पासून) तपासणी व औषधे मोफत आहेत. म्हणून खानदेशात ‘औषधालय’ याचा व्यवहार्य अर्थ सरकारी रुग्णालयाची औषधखिडकी किंवा ब्युप्रेनॉर्फिन केंद्राचे टेबल असाच घ्यावा लागतो. गल्लीतल्या मेडिकलचे काम सिरिंज विकणे, ओळखणे व पाठवणे एवढेच उरते.

क्रम : बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर प्रतिपिंड (लागण कधीतरी झाल्याची रक्तातील खूण) तपासतात. किटच्या पत्रकातील वेळेतच वाचन करावे. फिकट रेघही होकारार्थीच धरावी. नंतर आरएनए चाचणी, म्हणजे विषाणू आज रक्तात आहे का ते पाहणे. क्षयरोगासाठी बसवलेल्या जीनएक्सपर्ट यंत्रावर वेगळे काडतूस घालून ती होते. टोचून टोचून शिरा बुजलेल्या असल्याने नमुना घेण्यातच अनेक जण गळतात. शीर सापडत नसेल तर अनुभवी तंत्रज्ञाला बोलवावे, चार वेळा टोचत बसू नये. यकृतशोथ-ब ची चाचणी आधीच करावी, कारण क विषाणू हटताच दबलेला ब उसळू शकतो.

सिऱ्होसिसचा (यकृत व्रणांनी कठीण होण्याचा) अंदाज ‘एप्री’ अंकाने बांधतात : एएसटी (रक्तात मोजले जाणारे यकृताचे एक विकर) भागिले त्याची कमाल सामान्य मर्यादा, गुणिले १००, भागिले प्लेटलेट (हजारांत). एएसटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख असतील तर अंक २, म्हणजे सिऱ्होसिसचा दाट संशय. आपल्याकडील अहवालांत प्लेटलेट ‘१.०० लाख’ अशी छापतात; सूत्रात १०० ऐवजी १ टाकला की अंक थेट २०० येतो. ही चूक नित्याची आहे.

सिऱ्होसिस नसल्यास सोफोसबुविर ४०० व डॅक्लाटॅस्विर ६० मिग्रॅ., रोज एकदा, ८४ दिवस. भरपाई झालेल्या (यकृत अजून काम निभावत असलेल्या) सिऱ्होसिसमध्ये डॅक्लाटॅस्विरऐवजी वेल्पाटॅस्विर १०० मिग्रॅ. पोटात पाणी झालेल्या अवस्थेत त्यासोबत रिबाविरिन, नाहीतर रिबाविरिनविना २४ आठवडे. येथे नंदुरबारचा वेगळा विचार करावा लागतो. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. रिबाविरिन तांबड्या पेशी फोडते, म्हणून अशा रुग्णाला ते वर्ज्य. शिवाय सिकलसेलमध्ये पेशी फुटल्यानेही एएसटी चढते, तेव्हा एप्रीवर एकट्यावर विसंबू नये.

गोळी चुकल्यास १८ तासांच्या आत आठवताच घ्यावी. त्यापुढे ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी, दोन एकदम नकोत. क्षयाचे रिफॅम्पिसिन किंवा फिटचे फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन चालू असता ही औषधे चालत नाहीत. ‘गॅसची गोळी’ (ओमेप्राझोल वगैरे) रुग्ण औषधांत मोजतच नाही. ती वेल्पाटॅस्विरचे शोषण घटवते, म्हणून नाव घेऊन विचारावे. मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिनशी वैर नाही. नशा चालू आहे म्हणून उपचार नाकारण्यालाही आधार नाही.

सिरिंज : सुई निघणाऱ्या साध्या सिरिंजमध्ये दट्ट्या तळाला टेकल्यावरही सुमारे ८४ मायक्रोलिटर रक्तमिश्रित द्रव उरतो, सुई जोडलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये सुमारे २. पहिल्या प्रकारच्या सिरिंजमध्ये विषाणू प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे. मेडिकलवाला २ मिलि.ची स्वस्त सिरिंज पुढे सरकवतो, तेथे इन्सुलिनची दिली तरी पुष्कळ साधते. मात्र अमली पदार्थ विरघळवण्याचे झाकण, गाळण्याचा कापूस व पाणी सामाईक राहिले तर नवी सुई अपुरी पडते.

स्थानिक विशेष : धुळे-मालेगाव पट्ट्यातील बहुचर्चित ‘कुत्ता गोळी’ (बहुधा अल्प्राझोलाम) गिळली जाते, टोचली जात नाही, तिची गल्लत या विषयाशी करू नये. धुळे, जळगाव, नंदुरबार येथे वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी धडगाव-मोलगीकडून २८ दिवसांच्या डबीसाठी येणे म्हणजे दर खेपेला मजुरीचा दिवस बुडणे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्याला तिन्ही डब्या एकदम द्याव्यात, वा उपचार होळीनंतर सुरू करावा.

बरे झाल्याचा निर्णय शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी आरएनए चाचणीने होतो. प्रतिपिंड पुढेही राहतात. शिबिरातील पट्टी पुन्हा रेघ दाखवते व बरा झालेला माणूस घाबरून परत येतो. कार्डावर ‘आरएनए आढळला नाही’ असे तारखेसह लिहून द्यावे. टोचणे चालू असल्यास पुनर्लागणीची तपासणी पट्टीने नव्हे, आरएनएनेच करावी.